डाव्या हाताकडे कान द्या: अभिजात पियानो ऐकायला सुरुवात करताना

ख्याल, नाट्यगीतं, अभंग ऐकत वाढलेला माणूस पहिल्यांदा बाख किंवा शोपँ अशा युरोपीय संगीतकारांचा पियानो लावतो, तेव्हा बहुतेक वेळा एकच होतं. सुरुवातीची सुरावट आवडते आणि तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला लक्ष सुटतं. मग ते संगीत वाचनाच्या, स्वयंपाकाच्या, कामाच्या मागे वाजत राहतं आणि कायमचं मागेच राहून जातं.

याचं एक कारण आपल्या पेटीत आहे. पेटीवर उजवा हात सूर वाजवतो आणि डावा भाता चालवतो. त्यामुळे पट्ट्यांचं वाद्य म्हटलं की एक सुरावट आणि तिच्या मागे जाणारा कान, अशी सवय आपल्याला लागलेली असते. पियानोत डावा हातही वाजवतो. वरची सुरावट एकाच जागी उभी असताना तिचा रंग बदलण्याचं काम कित्येकदा तोच करत असतो. तिकडे कान गेला नाही तर अर्धं संगीत ऐकूच येत नाही, आणि उरलेल्या अर्ध्याचा कंटाळा येणं साहजिक आहे. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच कामासाठी आहेत: खालचे सूर ऐकायला शिकणं. स्टाफ नोटेशन वाचता येण्याची गरज नाही. सरगम ओळखता येत असेल तर काम पुष्कळ सोपं होईल, येत नसेल तरी अडणार नाही.

आधी वाद्य समजून घ्या

इटलीत फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारात वाद्यांची देखभाल करणाऱ्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने १७०० च्या सुमारास पहिला पियानो बनवला. त्याआधीच्या हार्प्सिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की तार छेडली जाई. बोट हळू दाबा की जोरात, आवाज जवळपास तेवढाच. क्रिस्तोफोरीने छेडण्याऐवजी छोटा हातोडा तारेवर आपटवला. हातोडा आपटून लगेच मागे येतो, तार मोकळी राहते, आणि बोटाच्या जोरावर आवाज लहानमोठा करता येतो. आजच्या पियानोत ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या, पण मूळ यंत्रणा तीच आहे.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही आपल्या कानाला सुरुवातीला खटकतात. एक म्हणजे हातोडा आपटल्या क्षणापासून सूर विरायला लागतो. गळ्यासारखा तो धरून ठेवता येत नाही, फुगवता येत नाही, मींड तर नाहीच. विरणाऱ्या सुरांतून गाण्याचा भास निर्माण करणं हे पियानोवादकाचं खरं कसब. शोपँ आपल्या शिष्यांना मोठे ऑपेरा गायक ऐकायला सांगत असे ते याचसाठी.

दुसरी गोष्ट सुरांची. पियानो समान अंतराच्या बारा सुरांत मिळवलेला असतो. त्याचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा किंचित चढा असतो. रोज तंबोऱ्यासोबत बसणाऱ्यांना हे जाणवतं, आणि ते जाणवणं बरोबरच आहे. पेटीबद्दलची जुनी तक्रारही हीच होती. मात्र या तडजोडीमुळे कोणत्याही पट्टीला सा मानता येतो, आणि या संगीतातला फार मोठा आनंद तिथूनच येतो. त्याबद्दल पुढे.

ऐकायची व्यवस्था

फोनच्या स्पीकरवर पियानो ऐकू नका. माझा आग्रह एवढ्या एकाच गोष्टीचा आहे. पियानोचा सर्वांत खालचा सूर २७.५ हर्ट्झचा असतो. फोनच्या इवल्या स्पीकरमधून मंद्रातले सूर नीट निघतच नाहीत. म्हणजे जो डावा हात ऐकायचा तोच गायब. साधा, बऱ्यापैकी हेडफोन पुरतो. महागड्या यंत्रणेची गरज नाही.

जागा शांत हवी. या संगीतात अतिशय हळू आणि अतिशय मोठ्या आवाजातलं अंतर प्रचंड असतं. लोकलमध्ये किंवा बसमध्ये हळू भाग ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवायचा आणि मग पुढच्या घणाघाती भागाला दचकून कमी करायचा, असं होतं. आवाज एकदा बेताचा लावून द्या आणि हात लावू नका. हळू भाग हळूच ऐकू आला पाहिजे.

अॅपमधलं शफल बंद करा. सोनाटा म्हणजे अनेक खंडांची मोठी रचना, आणि मूव्हमेंट म्हणजे तिचा एकेक खंड. एखाद्या सोनाटाच्या तीन मूव्हमेंट तीन वेगळ्या गाण्यांसारख्या दिसतात, पण त्यांचा क्रम ठरलेला असतो. 'मन शांत करणारा पियानो', 'झोपेसाठी पियानो' अशा तयार याद्यांपासून सुरुवातीचे काही महिने तरी लांब राहा. त्यांत प्रत्येक रचनेचा सर्वांत गोड तुकडा उचललेला असतो आणि ज्या अस्वस्थतेतून तो गोडवा आलेला असतो ती कापून टाकलेली असते.

वेळ थोडा दिला तरी चालेल. दोन मिनिटांची एक रचना, एका बैठकीत तीनदा. पहिल्यांदा नुसती ऐका, दुसऱ्यांदा फक्त खालच्या सुरांकडे लक्ष ठेवा, तिसऱ्यांदा पुन्हा सगळं मिळून. रोज नवं काही ऐकण्यापेक्षा एक रचना आठवडाभर ऐकणं कितीतरी जास्त देतं. भूपातली एक बंदिश अंगात मुरल्यावर भूप कळायला लागतो, तसंच हे आहे.

पहिली रचना: बाखचा सी मेजर प्रील्यूड

योहान सेबास्टियन बाखच्या 'वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर' या संग्रहाच्या १७२२ च्या पहिल्या भागातली ही पहिलीच रचना. बाराही सुरांना आळीपाळीने सा मानून, प्रत्येकाचा मेजर (शुद्ध गंधाराचा) आणि मायनर (कोमल गंधाराचा) असे दोन, मिळून २४ प्रील्यूड (छोट्या, प्रास्ताविक रचना) आणि त्यांच्या जोडीचे फ्यूग (एकच सुरावट वेगवेगळ्या आवाजांत एकामागून एक गुंफणाऱ्या रचना) या भागात आहेत. पहिला प्रील्यूड साधारण दोन मिनिटांचा, ३५ बारांचा. इथे बार म्हणजे एक छोटं आवर्तन समजा.

सुरुवातीलाच ही रचना का? तिच्यात सुरावट नाही म्हणून. पाठ करून गुणगुणावं असं काही नसल्यामुळे कान आपोआप दुसरीकडे जातो. पांढरी एक म्हणजे सी हा सा धरला, तर पहिला बार असा: सा ग प सां गं, प सां गं. हेच पुन्हा एकदा. पहिले दोन सूर डाव्या हाताचे, ते दाबून धरलेले, उरलेले उजव्याचे. पुढच्या बारात नक्षी तीच, पण सूर बदललेले: सा रे ध रें मं, ध रें मं. अशी नक्षी जवळजवळ शेवटपर्यंत चालते.

आता प्रत्येक बाराचा फक्त पहिला, सर्वांत खालचा सूर धरा. सुरुवातीला तो सा आणि खालच्या नी यांच्यात घोटाळतो, मग हळूहळू खाली उतरायला लागतो. साधारण दोन तृतीयांश रचना झाल्यावर एक जागा येते तिथे थांबून पुन्हा ऐका. खालचा सूर एका बारात तीव्र मध्यम, दुसऱ्यात कोमल धैवत असा पंचमाच्या दोन्ही बाजूंना टोचून जातो. कानाला नको वाटावं असं ते वाटतं. आणि मग तो पंचमावर बसतो. आठ बार खाली तोच मंद्र पंचम, वर सूर बदलत राहतात, ताण वाढत जातो. अखेरीस खाली सा लागतो. बत्तिसाव्या बारातल्या त्या षड्जावर जे वाटतं ते समेवर येण्याच्या फार जवळचं आहे. नंतरच्या दोन बारांत इतका वेळ चाललेली नक्षी सुटते आणि रचना संपते.

एकोणिसाव्या शतकात शार्ल गूनो यांनी या प्रील्यूडवर एक सुरावट घालून 'आवे मारिया' केलं, आणि ते बाखच्या मूळ रचनेइतकंच प्रसिद्ध झालं. चर्चमध्ये, लग्नात तुम्ही ते ऐकलं असेल. मूळ प्रील्यूड आठवडाभर ऐकून झाल्यावर ते मुद्दाम ऐका. वर सुरावट आली की कान खालचं सगळं कसं विसरतो, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

दुसरी रचना: शोपँचा ई मायनर प्रील्यूड

फ्रेदेरिक शोपँचा जन्म १८१० मध्ये वॉर्साजवळच्या झेलाझोव्हा वोला गावातला, मृत्यू १८४९ मध्ये पॅरिसमध्ये. बाखच्या २४ प्रील्यूडांचा आदर्श समोर ठेवून त्याने स्वतःचे २४ प्रील्यूड लिहिले, ओपस २८ (हा प्रकाशनाचा क्रमांक, त्याबद्दल पुढे). ते त्याने १८३८-३९ च्या हिवाळ्यात मायोर्का बेटावर, आजारी अवस्थेत, लेखिका जॉर्ज सांड हिच्यासोबत राहत असताना पुरे केले. त्यांतला चौथा प्रील्यूड ई मायनरचा. फक्त २५ बार, दोन-सव्वादोन मिनिटं.

ई हा सा माना. उजवा हात पंचमावर येतो, कोमल धैवताला स्पर्श करतो, परत पंचमावर. पुन्हा कोमल धैवत, पुन्हा पंचम. बराच वेळ एवढंच. नंतर तो एक पायरी उतरून मध्यमावर येतो आणि तिथेही तसाच मध्यम-पंचम, मध्यम-पंचम करत राहतो. सुरावट म्हणून पाहिलं तर यात काहीच नाही. पेटीवर उजव्या हाताने वाजवून बघा, दोन ओळींत कंटाळा येईल.

डाव्या हातात तीन-तीन सुरांच्या कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले सूर, एकसारख्या, हळू ठोक्याने वाजतात. प्रत्येक कॉर्ड काही वेळ तशीच राहते, मग तिच्यातला एखादाच सूर अर्ध्या सुराने खाली सरकतो. थोड्या वेळाने दुसरा सरकतो. तिन्ही सूर एकदम हलणं क्वचितच. त्यामुळे कुठून कुठे आलो ते लक्षात येत नाही, पण जमीन सतत खचते आहे असं वाटतं. वरचा पंचम तोच असतो आणि दर वेळी त्याचा अर्थ वेगळा होतो. कधी तो आधार वाटतो, कधी विनवणी, कधी नुसता हट्ट.

मध्याच्या सुमारास उजवा हात क्षणभर मोकळा होतो आणि सुरुवात पुन्हा येते. या दुसऱ्या खेपेला थोड्याच वेळात आवाज एकदम चढतो, डावा हात खोल जातो, आणि तेवढ्याच लवकर सगळं ओसरतं. शेवटाजवळ एक थांबा आहे. तो किती लांब ठेवायचा ते वादकावर असतं. त्यानंतर अगदी हळू तीन कॉर्ड. शोपँच्या अंत्यविधीला पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये हा प्रील्यूड ऑर्गनवर वाजवला गेला होता.

दोन-चार वेगवेगळ्या वादकांचा हा एकच प्रील्यूड एकामागून एक ऐका. मार्था आर्गेरिच आणि मॉरिझियो पोलिनी यांच्यापासून सुरुवात करायला हरकत नाही. वॉर्साच्या शोपँ स्पर्धेत पोलिनीने १९६० मध्ये आणि आर्गेरिचने १९६५ मध्ये पहिलं बक्षीस मिळवलं होतं. डाव्या हाताचा ठोका कोण समान ठेवतो, कोण लांबवतो, शेवटचा थांबा कोण किती धरतो, एवढंच बघा.

याच्या जोडीला शोपँचा ओपस ९ मधला दुसरा नॉक्टर्न (रात्रीच्या भावाची रचना) ठेवा. डावा हात इथे ठेक्यासारखा चालतो: खाली एक सूर, वर दोन कॉर्ड, पुन्हा तेच. उजव्या हाताची सुरावट प्रत्येक वेळी परत येताना नव्या हरकती, नव्या मुरक्या घेऊन येते. डावा हात लय सांभाळतो आणि उजव्याने तिच्यापासून किंचित मागेपुढे व्हावं, असं शोपँ शिष्यांना शिकवत असे. ठेक्यावर मोकळेपणाने शब्द टाकणारी ठुमरी ज्याने ऐकली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आर्थर रुबिनस्टाइनची नॉक्टर्नची रेकॉर्डिंग यासाठी फार चांगली आहेत.

सा सरकतो तेव्हा

आपल्या संगीतात तंबोरा लागला की सा ठरला. तीन तास मैफल चालली तरी तो हलत नाही. पाश्चात्त्य संगीतात एकाच रचनेत सा जागा बदलतो, आणि सोनाटासारखी मोठी रचना या सरकण्यावरच उभी असते. कोणीतरी हे सांगितलं नाही, तर सोनाटा म्हणजे एकामागून एक येणाऱ्या सुंदर पण असंबद्ध सुरावटी वाटतात.

हे ऐकायला शिकण्यासाठी मोझार्टचा सी मेजर सोनाटा, के ५४५, घ्या. मोझार्टने १७८८ मध्ये स्वतःच्या यादीत त्याची नोंद नवशिक्यांसाठी अशी केली होती. पहिली मूव्हमेंट कान ओळखेल: सा, ग, प, मग खालचा नी आणि सा रे सा. डावा हात त्याखाली सा प ग प, सा प ग प असं विणत असतो. या विणकामाला अल्बेर्ती बास म्हणतात आणि मोझार्टच्या काळातल्या अर्ध्या पियानो संगीतात ते सापडेल.

आता हे करून बघा. तंबोऱ्याचं अॅप असेल तर पांढरी एकमध्ये, म्हणजे सी मध्ये, लावा आणि वर सोनाटा लावा. पहिली सुरावट तंबोऱ्याशी छान जुळेल. साधारण अर्ध्या मिनिटात दुसरी, हलकी सुरावट येईल आणि तंबोरा परका वाटायला लागेल. मूळचा पंचम आता सा झालेला आहे. तंबोरा बंद करा आणि पुढे ऐका: आता घर बदललंय, हे कानाला कळतं का?

पुढे मधला भाग येतो, तिथे सूर कोमल होतात आणि सा ठरत नाही. तो भाग छोटा आहे. मग पहिली सुरावट परत येते, पण मोझार्ट इथे एक सुंदर गोष्ट करतो. तो ती मूळ सा वर न आणता मध्यमाला सा करून आणतो. मूर्च्छनेशी ओळख असलेल्यांना ही जागा विशेष आवडेल. सुरावट ओळखीची, जागा अनोळखी. त्यानंतर दुसरी सुरावट येते ती मात्र मूळच्या सा मध्ये, आणि मूव्हमेंट तिथेच संपते. तंबोरा पुन्हा लावून बघा, जुळेल. बहुतेक वादक पहिला भाग दोनदा वाजवतात, तेव्हा सुरुवात पुन्हा आली म्हणून गोंधळू नका.

ही एक मूव्हमेंट पक्की झाली की मोझार्ट, हायडन, बीथोवन, शूबर्ट यांच्या सोनाटांच्या पहिल्या मूव्हमेंटचा आराखडा हाताशी आला. प्रत्येकजण तो मोडतो, वाकवतो, पण मोडला हे कळण्यासाठी आधी तो माहीत हवा.

नाव आणि नंबर

शोधताना घोळ होतो तो नावांमुळे. नुसतं 'शोपँ प्रील्यूड' शोधलं तर वाट्टेल ते समोर येईल. नंबर महत्त्वाचा. ओपस म्हणजे प्रकाशनाचा क्रमांक. ओपस २८ क्रमांक ४ म्हणजे त्या संचातली चौथी रचना. मोझार्टच्या रचनांना के हे अक्षर लागतं, ते त्यांची सूची करणाऱ्या क्योखेल यांच्या नावाचं. शूबर्टला डी, बाखला बीडब्ल्यूव्ही. सोबत वादकाचं नाव टाकलं की नेमकं हवं ते सापडतं.

नोटेशन बघायची उत्सुकता असेल तर आयएमएसएलपी या संकेतस्थळावर जुन्या, स्वामित्वहक्क संपलेल्या आवृत्त्या मोफत मिळतात. यूट्यूबवर संगीतासोबत नोटेशन सरकत जाणारे व्हिडिओही पुष्कळ आहेत. वाचता येत नसलं तरी खालच्या ओळीतले ठिपके कुठे चढतात, कुठे उतरतात ते दिसतं, आणि डोळ्यामागोमाग कान जातो.

गोष्टी सांगणाऱ्या नावांवर मात्र फार विसंबू नका. शोपँला आपल्या रचनांना अशी नावं देणं आवडत नसे. बीथोवनच्या सोनाटाला 'मूनलाइट' हे नाव त्याच्या मृत्यूनंतर पडलं, लुडविग रेल्श्टाब या समीक्षकाने त्याची तुलना सरोवरावरच्या चांदण्याशी केली म्हणून. बीथोवनने त्याला फक्त 'काहीशी फॅन्टसीसारखी' असं म्हटलं होतं.

एक अख्खा सोनाटा

तोच मूनलाइट सोनाटा, ओपस २७ क्रमांक २, आता पूर्ण ऐका. १८०१ मधली रचना, जुलिएता ग्विचार्दी या शिष्येला अर्पण केलेली. सगळ्यांना पहिली मूव्हमेंट माहीत असते आणि बहुतेकजण तिथेच थांबतात. तसं करणं म्हणजे बडा ख्याल ऐकून उठून जाण्यासारखं आहे.

पहिल्या मूव्हमेंटमध्ये तीन थर आहेत. मधे तीन-तीन सुरांचं अखंड हेलकावणं. खाली डाव्या हाताचे लांब, जोडीने वाजणारे खर्जातले सूर: सा, कोमल नी, कोमल धैवत, मग मध्यम आणि पंचम, असं उतरणं पहिल्या चारच बारांत. त्यानंतर वर, उजव्या हाताच्या करंगळीच्या बाजूने, पुन्हा पुन्हा आघात होणारा एकच सूर येतो, पंचम. त्याच हाताची उरलेली बोटं हेलकावणं चालू ठेवतात. एका हातातून दोन आवाज वेगळ्या वजनाने निघतात, हे एकदा ऐकू आलं की पियानोवादकाबद्दलचा आदर दुणावतो.

दुसरी मूव्हमेंट दोन-अडीच मिनिटांची, प्रसन्न. तिला विसावा समजा. तिसरी वादळ आहे. खालून वर झेपावणारे सुरांचे लोट, आणि प्रत्येक झेपेच्या टोकाला दोन खाडकन आघात. लक्ष देऊन ऐकलंत तर कळेल की सूर पहिल्या मूव्हमेंटच्या हेलकाव्यातलेच आहेत, वेग आणि राग तेवढा वेगळा. विल्हेल्म केम्पफ आणि आल्फ्रेड ब्रेंडेल हे दोघे बीथोवनसाठी विश्वासाचे वादक. त्याच्या बत्तीस सोनाटांपैकी पुढचा कोणता, असं विचाराल तर 'पथेटिक', ओपस १३.

एकच रचना, एकच वादक, दोन वयं

आपल्याकडे राग तोच आणि गायक वेगळा, यात रस असतो. इथे लिहिलेला प्रत्येक सूर ठरलेला असताना वादकाचा वाटा तो काय, अशी शंका सुरुवातीला येते. तिचं सर्वांत चांगलं उत्तर ग्लेन गूल्ड. या कॅनेडियन वादकाने बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' १९५५ मध्ये, विशीत असताना, रेकॉर्ड केली आणि १९८१ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, पुन्हा. सुरुवातीची आरिया, म्हणजे मूळ छोटी रचना, पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये दोन मिनिटांच्या आत संपते, दुसऱ्यात तीन मिनिटांहून अधिक चालते. सूर तेच, पण पहिल्यात तरुण माणसाचा उत्साह आहे आणि दुसऱ्यात एकेक सूर तोलून ठेवलेला. दोन्हींत गूल्डचं गुणगुणणं ऐकू येतं, ते रेकॉर्डिंगमधला बिघाड समजू नका.

१७४१ मध्ये छापलेल्या या रचनेत एका आरियावर तीस व्हेरिएशन्स, म्हणजे तिचे तीस वेगवेगळे विस्तार, आहेत आणि शेवटी आरिया परत येते. नवख्या श्रोत्याला पेच पडतो, कारण आरियाची सुरावट व्हेरिएशन्समध्ये सापडतच नाही. ती सापडणार नाही. बाखने विस्तार केला आहे तो खालच्या सुरांच्या चालीचा. आरियाचा डावा हात चारपाच वेळा ऐकून ठेवा, निदान पहिले आठ बार, आणि मग पहिली पाच-सहा व्हेरिएशन्स ऐका. अख्खी रचना एका बैठकीत ऐकायची घाई नको. गूल्डचा वेग झेपला नाही तर अंद्राश शिफ ऐका.

इथून पुढे

आतापर्यंतचं सगळं दोन-तीन महिन्यांचं काम आहे. पुढची वाट आवडीची. छोट्या रचना आवडत असतील तर शूमानच्या 'किंडरझेनेन' मधल्या १८३८ च्या तेरा छोट्या रचना, आणि ब्राम्सचा ओपस ११८ क्रमांक २. देबुसीचं 'क्लेर द ल्यून' आणि सतीची पहिली 'जिम्नोपेदी' तुमच्या कानावरून गेलेलीच असतील. आता ती डाव्या हाताकडून ऐका.

शूबर्टचा बी फ्लॅट मेजर सोनाटा, डी ९६०, माझ्या मते या वाद्यासाठी लिहिलेल्या सर्वांत खोल रचनांपैकी एक. तो मात्र उशिरा ऐका. १८२८ च्या सप्टेंबरात त्याने तो पुरा केला आणि नोव्हेंबरात, वयाच्या ३१ व्या वर्षी, तो गेला. प्रार्थनेसारखी शांत सुरावट सुरू होते आणि ती थांबते तिथे खूप खाली, अगदी हळू, एक कंप ऐकू येतो. बस्स, एवढाच. पण त्या कंपाने पुढच्या सगळ्या शांततेवर सावली पडते. पहिली मूव्हमेंटच वीस मिनिटांच्या आसपास जाते. विलंबित ऐकण्याची सवय असलेल्याला ती लांब वाटणार नाही.

ऑर्केस्ट्रासोबतचे कॉन्चेर्टो ऐकायचे तर मोझार्टचा के ४८८ घ्या, मित्सुको उचिदाचा. त्याची मधली मूव्हमेंट आधी ऐकली तरी चालेल. रॅखमॅनिनॉव्हच्या दुसऱ्या कॉन्चेर्टोची सुरुवात एकट्या पियानोची आहे: हळू आवाजातून चढत जाणाऱ्या जड कॉर्ड आणि प्रत्येकीनंतर खाली घंटेसारखा एकच सूर. ऑर्केस्ट्रा सुरावट घेऊन येतो तेव्हा पियानो मागे सरून साथ करायला लागतो. आणि रॅव्हेलचा डाव्या हातासाठीचा कॉन्चेर्टो चुकवू नका. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पाउल विट्गेनश्टाइन या वादकासाठी तो लिहिला गेला. डोळे मिटून ऐकलात तर एकच हात वाजतो आहे यावर विश्वास बसत नाही.

समोर बसून

रेकॉर्डिंगमधून न कळणाऱ्या कितीतरी गोष्टी समोर बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत कळतात. मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) पियानोचे कार्यक्रम होतात. २००६ मध्ये तिथेच सुरू झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासोबत पाहुणे पियानोवादकही वाजवतात. गोव्यात पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. लंडनला असाल तर विगमोर हॉलचे दुपारचे कार्यक्रम बघा. अमेरिकेत विद्यापीठांच्या संगीत विभागांत विद्यार्थ्यांचे रिसायटल, म्हणजे वादनाचे कार्यक्रम, होतात, त्यांतले कित्येक विनामूल्य असतात.

तिकीट काढताना प्रेक्षागृहाची डावी बाजू मागा. वादक रंगमंचावर आपल्या डावीकडे बसतो, त्यामुळे तिथून दोन्ही हात दिसतात. कार्यक्रमपत्रिका आधी मिळाली तर त्यातली निदान एक रचना घरी चार-पाच वेळा ऐकून जा. दोन मूव्हमेंटच्या मधल्या शांततेत टाळ्या वाजवायच्या नसतात, आणि 'क्या बात है' मनातच म्हणायचं असतं. आपल्या मैफलीची सवय असलेल्यांना हे जड जातं. रचना संपली की नाही याची खात्री नसेल तर वादकाचे हात मांडीवर येऊन तो उठेपर्यंत थांबा.

शेवटच्या टाळ्या लांबल्या तर वादक परत येऊन एखादी छोटी रचना वाजवतो. ती पत्रिकेत छापलेली नसते आणि बऱ्याचदा तिचं नावही सांगितलं जात नाही. बाहेर पडताना आयोजकांपैकी कोणाला तरी विचारून ते नाव, नंबरासकट, फोनमध्ये टिपून घ्या.